विषय : पांढऱ्या कुड्याच्या नावाने काळ्या कुड्याची रोपं पाठवल्याबद्दल तक्रार

दि. १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

जून २०२२ मध्ये तुमच्या संकेतस्थळावरून मी पांढऱ्या कुड्याची चार रोपं मागवली होती. एका रोपाचे २४९ रुपये, कुरिअरचे वेगळे. प्रत्येक पिशवीला पट्टी होती, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘पांढरा कुडा, कुटज’ आणि खाली शास्त्रीय नाव होलारेना. जाहिरातीत लिहिलं होतं की झुडूप काटक आहे, फुलं पांढरी येतात, साल आणि बिया औषधी आहेत. झुडूप काटक निघालं, फुलंही पांढरीच आली. पण तो पांढरा कुडा नाही, काळा कुडा आहे. शास्त्रीय नावानेच सांगायचं तर राइटिया टिंक्टोरिया.

माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं, यावल तालुक्यातलं. वैशाख-जेठात डोंगराकडे गेलं की कुडा फुललेला दिसायचा. घरात पत्र्याच्या डब्यात कुड्याची साल आणि इंद्रजव, म्हणजे कुड्याच्या बिया, कायम असायचे. आम्हा पोरांना आमांश झाला की माय वैद्यबुवांना विचारून साल उगाळायची. आम्ही तोंड वाकडं केलं की म्हणायची, “कडू शे, पन गुन करस.” ती साल आणून देणाऱ्या पावरा बाया आता येत नाहीत, मायही राहिली नाही. चोपड्याला घर बांधलं तेव्हाच ठरवलं होतं, अंगणात कुडा लावायचा. म्हणून तुमच्याकडे पैसे भरले. नुसती पांढरी फुलं हवी असती तर शेजारच्या तगरीची फांदी खोचली असती.

आमची जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून दोन-दोन फुटांचे खड्डे करून त्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत घातलं, रोपं जरा उंचावर लावली. पहिल्या उन्हाळ्यात एक रोप गेलं. त्याची तक्रार नाही, आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तिथे एखादं रोप जायचंच.

पण त्याच्या आधी, जानेवारी २०२३ मध्ये चारही रोपांची पानं गळली तेव्हा तुमच्या मदत क्रमांकावर मी फोन केला होता. पलीकडच्या मुलाने सांगितलं, “पाणी कमी पडतंय, रोज एक बादली घाला.” अहो, कुडा हिवाळ्यात पानं टाकतोच! बिनपानांच्या रोपाला काळ्या मातीत रोज बादलीभर पाणी दिलं असतं तर मुळं कुजून चारही गेली असती. मी नखाने साल जराशी खरवडून पाहिली, आत हिरवी होती. पाणी आठवड्याला एकदाच ठेवलं. उन्हं तापायला लागल्यावर कोंब फुटले. जे झाड विकता त्याची एवढी साधी गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक असायला हवी.

पहिली फुलं आली एप्रिल २०२५ मध्ये. तीन वर्षं वाट पाहिली होती, म्हणून सकाळी आंघोळीच्या आधी जाऊन बघितलं, आणि तिथेच मनात चुकचुकलं. फुलाच्या मधोमध पांढऱ्या बारीक झालरीचा गोंडा होता. पांढऱ्या कुड्याच्या फुलात असा गोंडा नसतो, पाच पाकळ्यांच्या मधला भाग साधा असतो. पानंही मला आठवतात त्याहून लहान आणि अरुंद वाटली. त्याच दिवशी तुम्हाला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं : ‘फुलाचा रंग पांढरा असल्याने रोप योग्य आहे.’ पुढच्या दोन ईमेलना उत्तर नाही.

उगाच कोणावर आळ नको म्हणून मी शेंगा धरायची वाट पाहिली. शेंगा जोडीजोडीने आल्या आणि जोडीतल्या दोन्ही शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली, चिमट्यासारखी. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनेच येतात, पण टोकं सुटी लोंबतात. जानेवारीत शेंगा तडकल्या, आतून कापूस लावलेल्या बिया उडायला लागल्या. एक बी दाताखाली धरली. कडू इंद्रजवाचा कडवटपणा जिभेवरून तासभर हलत नाही. ही बी चावून मी चहा प्यायले, चहा गोडच लागला. हिला लोक गोडा इंद्रजव म्हणतात ते उगीच नाही.

काळ्या कुड्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्या पानांपासून पूर्वी निळा रंग काढत, त्याच्या पांढऱ्या गुळगुळीत लाकडाची कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी होतात. माझी तिन्ही झाडं मी तोडणार नाही. पण एकाचं नाव सांगून दुसरं विकणं, तेही औषधी म्हणून, ही साधी चूक नव्हे. कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळतात, ही औषधी वनस्पतींच्या बाजारातली जुनी तक्रार आहे. तुम्ही तर पट्टी लावून अख्खं झाडच बदललंत. मी माहेरामुळे ओळखलं. ज्यांनी कुडा कधी पाहिलाच नाही, त्यांच्या घरी काय होत असेल? घरात कोणाला जुलाब लागले आणि तुमच्या पट्टीवर भरवसा ठेवून कोणी ही साल उकळून पाजली तर?

माझ्याच हातून काय झालं असतं तेही लिहिते. आमच्या बचत गटातल्या दोघींनी माझ्याकडे बी मागितलं होतं. कागदाच्या पुड्या बांधून, वर ‘पांढरा कुडा’ लिहून मी त्या तयार ठेवल्या होत्या. एक बी चावली नसती तर तुमची चूक माझ्या अक्षरात आणखी दोन अंगणांत गेली असती. याचं मला फार वाईट वाटलं.

माझे चार रोपांचे आणि कुरिअरचे पैसे परत करा. पण तेवढ्यावर मिटवू नका. २०२२ च्या त्या हंगामात ‘पांढरा कुडा’ म्हणून ज्यांना ज्यांना रोपं गेली, त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेत. त्या प्रत्येकाला लेखी कळवा की झाड वेगळं असू शकतं, साल-बिया औषधाला वापरू नका. संकेतस्थळावरच्या या रोपाच्या पानावर आजही काळ्या कुड्याच्याच फुलाचा फोटो आहे, झालर स्पष्ट दिसते, तो काढा. आणि खऱ्या पांढऱ्या कुड्याची रोपं असतील, बी कुठल्या झाडांवरून गोळा केलं हे तुम्ही सांगू शकत असाल, तर मृगाच्या आत मला दोन पाठवा. तशी नसतील तर नाही म्हणा, मी यावलकडून बी आणून वाफ्यात टाकेन.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तसं झालं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, पिशव्यांवरच्या पट्ट्या आणि ईमेल मी जपून ठेवले आहेत.

कळावे,
तुमची एक ग्राहक
चोपडा, जि. जळगाव

सोबत : बिलाची प्रत, पट्टीचा आणि फुलांचा फोटो, टोकं जुळलेल्या शेंगांची एक जोडी, बियांची पुडी. पुडीवरचं नाव खोडून मी ‘काळा कुडा’ लिहिलं आहे.