खालचे दोन सुळे काढू देऊ नकोस

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. खाली सहाच दात उरलेत, पुढचे चार हलतात, दोन सुळे तेवढे घट्ट आहेत आणि डॉक्टर म्हणतात, ‘सगळेच काढू आणि एकदाच कवळी बसवू.’ हे वाचलं आणि मला राहवेना. सहा वर्षांपूर्वी याच वाक्याला मी मान डोलावली होती. माझेही सुळे तेव्हा घट्ट होते. म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो. ते दोन सुळे विचारपूस केल्याशिवाय काढू देऊ नकोस.

जबड्याचं हाड दातांसाठी असतं. दात गेला की ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त झिजतं, नंतर हळूहळू, पण थांबत मात्र नाही. त्यात खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजतो, आणि कवळी टिकायला मुळातच अवघड तीही खालचीच. वरची कवळी अख्ख्या टाळूवर पसरते. मध्ये लाळेचा पातळ थर आणि कडेने नीट बंद झालेला काठ, त्यामुळे ओल्या काचेला काच चिकटावी तशी ती धरून राहते. खालची म्हणजे घोड्याच्या नालेसारखी नुसती पट्टी. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ. मला जांभई आली की आधी जिभेने कवळी दाबून धरतो आणि मग तोंड उघडतो. सहा वर्षांत इतकी सवय झाली आहे की झोपेतून उठल्यावर कवळी नसतानाही जीभ तिथेच जाते. पहिल्या वर्षी ती बरी बसायची. आता खालची हिरडी जवळजवळ सपाट झाली आहे.

सुळे ठेवायचे म्हणजे आहेत तसे नाहीत. त्यांचं रूट कॅनाल करतात, वरचा भाग हिरडीजवळ कापून गोल करतात, आणि त्या दोन मुळांवर कवळी बसते. ओव्हरडेंचर म्हणतात त्याला. मूळ हाडात राहिलं की भोवतालचं हाडही राहतं. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाच वर्षांच्या अभ्यासात साध्या कवळीखाली खालच्या जबड्याचं पुढचं हाड सरासरी 5.2 मिलिमीटर झिजलं होतं, मुळं ठेवलेल्यांचं फक्त 0.6. शिवाय मुळाभोवतीच्या तंतूंमुळे घास किती जोराने चावतोय याची जाणीवही शाबूत राहते. ती गेल्यावर कळतं की ती होती. मात्र ही मुळं रोज घासावी लागतात, नाहीतर कवळीखाली झाकली जाऊन किडतात. तेवढं तू करशील, मला खात्री आहे.

एक्स-रेमध्ये मुळं नाहीच टिकण्यासारखी निघाली, तर दोन इम्प्लांटचं विचार. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, हाड त्याला धरून घेतं. 1965 मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात ते पहिल्यांदा केलं. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी, याला 2002 साली कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बोळक्या जबड्यासाठी पहिली पसंती म्हटलं. तुझी साखर मात्र आधी ताब्यात आण आणि विडी सोड, नाहीतर जखम भरायला आणि हाड धरायला त्रास होतो.

वरच्या डाव्या दाढांसाठी तुला निघणारी अर्धी कवळी सुचवली आहे. ॲक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची, तारवाली लवकर होते आणि पुढे एखादा दात गेला तर त्याच कवळीत वाढवता येतो, पण तिचा सगळा भार हिरडीवर पडतो. लवचीक नायलॉनची दिसायला छान असते, तार दिसत नाही. मी तरी ती कायमची घेणार नाही. तिला नंतर आतून अस्तर लावणं अवघड आणि दुरुस्तीही कटकटीची. धातूची, म्हणजे कोबाल्ट-क्रोमची, पातळ असते आणि तिचे छोटे टेकू शेजारच्या दातांवर बसून भार वाटून घेतात. जमत असेल तर तीच घे.

‘एक दिवसही बोळकं तोंड घेऊन बसणार नाही,’ असं तू लिहिलंस. दात काढल्याच दिवशी बसणारी कवळी मिळते. पण ती आधी तोंडात लावून बघता येत नाही, आणि सूज उतरून हिरडी आकसली की काही महिन्यांत सैल होते. मग अस्तर लावून घ्यावं लागतं किंवा नवीन करावी लागते. हे ठरवूनच घे.

नेहमीच्या कवळीत मेणाची ट्रायल असते, म्हणजे कवळी पक्की करण्याआधी दात मेणात लावून तोंडात बसवून बघतात. त्या दिवशी वहिनींना सोबत ने आणि हसतानाचा जुना फोटो घे. खिडकीच्या उजेडात आरसा धर, ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘व’ मोठ्याने म्हणून बघ. दात लांब वाटले, ओठ फुगल्यासारखा वाटला तर तिथेच सांग, भीड धरू नकोस. मेणातला दात हलवता येतो, ॲक्रिलिक पक्कं झाल्यावर नाही. मी ट्रायलला ‘ठीक आहे’ म्हणालो होतो आणि समोरचे दात अजूनही मला माझे वाटत नाहीत.

पुढचं थोडक्यात: रात्री काढून पाण्यात ठेव, उकळत्या पाण्यात कधीच नाही, ती वाकते. मऊ ब्रशने धू, पेस्टने नको, ओरखडे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेव, हातातून निसटते. कुठे टोचलं तर घरी कानस लावू नकोस, डॉक्टरकडे जा.

शुक्रवारी जाणार आहेस ना? एक्स-रे पुढे ठेवून एवढंच विचार: ‘हे दोन सुळे कापून मुळं ठेवली तर चालतील का?’ नाही म्हणाले तर कारण विचार, आणि पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखव. दात काढायला आठवडा उशीर झाला तरी चालेल. संध्याकाळी मला फोन कर, मी वाट बघतो.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अण्णा