गुत्ता चालवणाऱ्या अनामिकांचे आभार

कोपऱ्यावरच्या गुत्त्याचा इतिहास धुंडाळला की मालकांची नावं मिळतात, बाकीच्यांची नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

मध्ययुगीन इंग्लंडात घरीच बिअर करून विकणाऱ्या बायकांचे. १३९३ साली राजा दुसरा रिचर्ड याने दाराबाहेर पाटी सक्तीची केली. मग निरक्षर गिऱ्हाइकांसाठी सिंह, मुकुट चितारणाऱ्या रंगाऱ्यांचे. (सिंह कुणी पाहिला होता म्हणा!)

पण सगळ्यात मोठं ऋण रोज राबणाऱ्यांचं. टेबलावरचे पेल्यांचे गोल डाग ओल्या फडक्याने पुसणारे, कुणाला आता पुरे हे ओळखून गुपचूप पाणी पुढे सरकवणारे, आणि झिंगलेल्याला घरी पोचवून दुसऱ्या दिवशी चकार शब्द न काढणारे, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.