जमाव प्रक्षोभक नसतो

संपादक महोदय,
स. न.

‘प्रक्षोभक जमावाने रस्ता अडवला’ असली वाक्ये हल्ली बातम्यांत सर्रास दिसतात. जमाव असतो प्रक्षुब्ध. प्रक्षोभक असते ते भाषण, पत्रक, घोषणा. शोषक आणि शोषित यांची अदलाबदल कोणी करत नाही, मग इथेच का व्हावी? ‘प्रक्षोभक’ म्हणजे भडकवणारा, ‘प्रक्षुब्ध’ म्हणजे भडकलेला. दंगलीच्या बातमीत ही गल्लत झाली की चिथावणारा सुटतो आणि चिथावलेल्यावर ठपका येतो.

मुळाशी ‘क्षुभ्’ धातू आहे : हलणे, ढवळून निघणे. संस्कृतात ‘क्षुब्ध’ हे रूप पाणिनीने खास मंथनाशी जोडले आहे, एरवी ‘क्षुभित’. क्षोभाला असे घुसळणारे काहीतरी लागते. ‘संताप’ तापातून आला; तो आतल्या आत धुमसू शकतो. खड्डे, रखडलेला पूल यांबद्दल महिनोन्‌महिने साचते ती चीड किंवा असंतोष. तिथे ‘प्रक्षोभ’ लिहू नये.

कायद्यात तर या शब्दावर शिक्षा ठरते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादात ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभन’ होते. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे. त्या भरात स्वतःवरचा ताबा सुटून हातून हत्या झाली, तर ती खून ठरत नाही. मुंबईतल्या नानावटी खटल्यात (पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा खटला) सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हा बचाव नाकारला. आरोपी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाला, गोळीबार ४.२० ला झाला. मधला वेळ भानावर येण्यास पुरेसा होता, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे राग उरला असला, तरी प्रक्षोभन संपले होते. गुन्ह्याच्या बातमीत ‘प्रक्षोभातून खून’ लिहिण्यापूर्वी हे अंतर तपासलेच पाहिजे.

मथळ्यासाठी जोडाक्षरे नको असतील तर ‘खवळणे’ आहेच. हवामान खात्याच्या इशाऱ्यात समुद्र खवळतो, रस्त्यावर माणसे खवळतात. अर्थ कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. भाषणासाठी ‘चिथावणीखोर’ पुरे.

आणि ‘प्रक्षुब्द’, ‘क्षुद्ध’ ही रूपे छापणे कृपया थांबवावे. स्तब्ध, लुब्ध यांसारखाच इथेही ‘ब’ला ‘ध’ जोडायचा.

— एक वाचक, ठाणे