‘काही नाही’ असं लिहिणाऱ्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं ‘काका’. ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही. हे पत्र लिहायला एवढे दिवस गेले तेही तुमच्यामुळेच. साल्व्हिनिया या तरंगत्या तणापासून आपला तलाव मोकळा झाला असं कोणी म्हणालं की तुम्ही म्हणायचात, “थांबा, अजून एक पावसाळा जाऊ दे.” तो गेला. आता लिहू द्या.

तुम्ही पाठवलेला पहिला फोटो मी जपून ठेवलाय. पाणवनस्पतींच्या गर्दीत नखाएवढी, पाण्याला चिकटून पसरलेली चार-दोन पानं आणि खाली एक ओळ: “शंका येते. बघून सांगाल का?” आमच्याकडच्या माहितीपत्रकावर साल्व्हिनिया मोलेस्टाचं चित्र होतं, पण ते पूर्ण वाढलेल्या झाडाचं. त्यात दाटीमुळे घडी पडून उभी राहिलेली पानं होती. कोवळेपणी ही वनस्पती अगदी वेगळी दिसते आणि नेमकं तेव्हाच तिला ओळखायला हवं. चित्राशी जुळत नाही म्हणून दुसरा कोणीही पुढे गेला असता. तुम्ही एक पान उचललंत आणि भिंग कॅमेऱ्यापुढे धरून दुसरा फोटो काढलात. पानावरच्या प्रत्येक केसाला वर चार फाटे फुटलेले आणि ते चारही टोकाशी पुन्हा जुळलेले, अंडी फेटायच्या फेटणीच्या तारांसारखे. हिच्या काही भाईबंदांमध्ये ते फाटे सुटे राहतात. तज्ज्ञांना तो एक फोटो पाठवला आणि वादच मिटला.

“एवढ्याशा हिरव्याचं काय घेऊन बसलात?” असं आपल्याला बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. मूळची आग्नेय ब्राझीलची ही तरंगणारी नेचेवर्गीय वनस्पती आफ्रिकेतल्या करिबा जलाशयात पोचली आणि १९६२ साली तिने तिथलं सुमारे हजार चौरस किलोमीटर पाणी झाकून टाकलं होतं. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या खोऱ्यात होड्या चालेनात, मासेमारी थांबली, माणसांना गावं सोडावी लागली. अनुकूल हवामानात ती थोड्याच दिवसांत दुप्पट होते. खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो.

आपल्या बाजूने एकच गोष्ट होती. हिला रुजणारं बी नसतं, ती तुकड्यांतूनच वाढते. जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं दबा धरून बसतं. इथे मात्र शेवटचा तुकडा उचलला की काम संपतं. अट एकच, तो शेवटचा तुकडा सापडला पाहिजे.

म्हणूनच पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांना पाण्यात उतरण्यापासून अडवलंत त्याचं मोल मोठं आहे. पोरं पँटी दुमडून तयार होती! तुम्ही आधी सांडव्याच्या तोंडाशी बारीक जाळी बांधून घेतलीत, मग तरंगत्या दोरीने तो कोपरा वेढलात आणि नंतरच उपसणी सुरू झाली. ओढाताणीत जे तुकडे तुटले ते त्या जाळीत अडकले, नाहीतर खालच्या ओढ्यापर्यंत गेले असते. उपसलेलं काठावर टाकू दिलं नाहीत. पावसाचं पाणी परत तलावाकडे वाहणार नाही अशा जागी ताडपत्रीवर वाळवायला लावलंत. जाताना प्रत्येकाचे बूट, जाळी, बादली तपासून, धुऊन, वाळवून. तेव्हा लोक वैतागले होते, मीही त्यातलीच.

हे तण खाणारे भुंगे तलावात सोडा, असा सल्लाही आला होता. सल्ला खुळा नव्हता. ब्राझीलमधून आणलेला छोटा सोंडेकिडा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला आणि त्याने दीड वर्षाच्या आत ते तण जवळजवळ संपवलं. पुढे सेपिकलाही त्यानेच हात दिला. पण पाणी पूर्ण झाकलं गेलेलं असतं तिथलं ते हत्यार. खाद्य उरलं तरच किडा जगतो, त्यामुळे शेवटचं रोप तो आपल्यासाठी शोधून देत नाही. शिवाय परका कीटक सोडायचा की नाही हे ठरवणं अधिकृत यंत्रणेचं काम. आपल्या हातात डोळे आणि जाळी एवढंच होतं.

पण मला खरे आभार मानायचेत ते तुमच्या वहीचे. उपसणीच्या दिवशी माणसं भरपूर होती, फोटोही भरपूर निघाले. श्रमदानाला गर्दी जमते, फेरतपासणीला कोणी फिरकत नाही, हा माझा जुना राग आहे. तुम्ही फिरकत राहिलात. वहीत तारीख, काठाचा कोणता टप्पा, पाण्याची पातळी आणि पुढे बहुतेक वेळा दोनच शब्द: ‘काही नाही’. मध्येच ‘शंका, अझोला निघालं’, म्हणजे हिच्यासारखीच भासणारी दुसरी छोटी तरंगती वनस्पती. एकदा लव्हाळ्याच्या बुडाशी अडकलेला जिवंत तुकडा. तो तुम्ही काढलात, आणि त्या टप्प्याच्या फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलात. पानंच्या पानं ‘काही नाही’ वाचून कोणी हसेल. पण तण गेलं हे म्हणायला आपल्याकडे दुसरा पुरावा कुठे आहे? कोणी पाहिलंच नाही आणि पाहूनही दिसलं नाही, यातला फरक त्या वहीतच आहे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात परकी राक्षसी गांधीलमाशी २०१९ च्या डिसेंबरात सापडली. कळवणारा साधा रहिवासी होता. पुढेही सापळे लावायला आणि दिसलेलं कळवायला सामान्य माणसं पुढे आली. शेवटचं पोळं २०२१ मध्ये काढलं, तरी ती संपल्याचं जाहीर झालं २०२४ च्या डिसेंबरात. मधली तीन वर्षं ‘काही नाही’ लिहिण्यात गेली. तुमच्या “अजून एक पावसाळा” वर मी तेव्हा कुरकुरले होते, पण हिशोब तोच आहे.

नव्या मुलांपैकी दोघांनी वही पुढे चालवायची तयारी दाखवलीय. अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही. भिंग मात्र तुमचंच वापरतात, आणि अझोलाचे फोटो इतके पाठवतात की माझा फोन भरत आलाय. त्यांना ओरडू नका, चुकीची शंका कळवणारेच आपल्याला हवेत.

कळावे, लोभ असावा.
तलावाच्या गटातली तुमची एक सहकारी

ता. क. सांडव्यावरच्या जाळीची खालची दोरी कुजली होती, बदलून घेतलीय. गाठ एकदा तुम्ही तपासा.