आंबा घाटात भेटलेल्या मासळीच्या टेम्पोवाल्या दादांस

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव विचारायचे राहून गेले आणि टेम्पोचा नंबरही मी टिपून घेतला नाही, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहिते आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, आंबा घाटातल्या साखरप्याच्या बाजूच्या उतारावर पांढऱ्या गाडीपाशी घाबरून उभी असलेली बाई म्हणजे मी.

परवाना मिळून जेमतेम आठ महिने झाले होते आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बरोबर कोणालाही न घेता, रत्नागिरीला जाऊन समुद्र पाहून यायचे मी ठरवले होते. सव्वापाचला कोल्हापूर सोडले, मलकापूरला उजाडले, आंबा गावापाशी धुके लागले आणि घाटाच्या तोंडाशी ते विरताच दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुले दिसू लागली. उतारावर न्यूट्रल टाकले की पेट्रोल वाचते, हे कोणाकडून तरी ऐकलेले शहाणपण मी त्या दिवशी वापरत होते. आठ-दहा वळणे केवळ ब्रेकवर उतरल्यावर जळका वास आला आणि पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा कितीतरी खोल गेले. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेच्या मातीत थांबवली, तेव्हा पुढच्या चाकांतून धूर येत होता.

मी पाण्याची बाटली घेऊन चाकाशी वाकले, तोच घाट चढून येणारा आपला टेम्पो थांबला आणि आपण ओरडलात, “ताई, पाणी नको! डिस्क तडकेल.” आपण चाकापुढे मोठा दगड लावलात, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक सोडायला लावलात आणि मग शांतपणे समजावलेत, की ब्रेक फार तापले की ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचायच्या आत त्या बुडबुड्यांतच जिरतो. गाडी शिकवणाऱ्यांनी मला सपाट रस्त्यापलीकडे कधी नेलेच नव्हते. “ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरायचा,” हे वाक्य मला त्या मातीत उभे राहून, आपल्या थर्मासमधला चहा पिताना शिकायला मिळाले.

चाके निवायला चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ आपल्या टेम्पोच्या मागच्या फळीतून बर्फाचे पाणी टपटपत होते आणि त्याचा ओघळ माझ्या चपलांपर्यंत आला होता. आत मिरकरवाड्याचे बांगडे आहेत आणि ते कोल्हापूरच्या बाजारात वेळेत पोहोचायला हवेत, हे मी विचारल्यावरच आपण सांगितलेत. तोवर आपल्या तोंडून घाईचा एक शब्दही निघाला नव्हता. त्या दिवशी आपल्याला भाव कमी मिळाला असेल का, ही रुखरुख मला अजून आहे.

निघताना आपण चाकापुढचा दगड उचलून गटारापलीकडे नेऊन टाकलात, कारण तो रस्त्यात राहिला तर मागून येणारा एखादा मोटारसायकलवाला त्यावर आपटेल. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. इंजिन इतके घुरघुरत होते की मोडते की काय असे वाटे, पण “ओरडू दे त्याला, तुम्ही ब्रेक जपा” हे आपले शब्द आठवत राहिले. आपण सांगितल्याप्रमाणे साखरप्याला मेकॅनिककडून ब्रेक ऑइल बदलून घेतले आणि सावकाश जात दुपारपर्यंत रत्नागिरीजवळचा भाट्ये किनारा गाठला. साखरप्याला जी काजळी नदी भेटली होती, तीच तिथे समुद्राला मिळताना पाहिली. सुरूच्या सावलीत बसून घरी फोन केला. आपल्याविषयी सांगितले, धुराविषयी मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना ते वळण दुसऱ्या गिअरमध्येच चढले. गटारापलीकडे दगड तसाच पडला होता, त्याच्या एका कडेला माझ्या टायरची काळी खूण होती.

आपली कृतज्ञ,
पांढऱ्या गाडीतली ताई
कोल्हापूर