बाबा, तुम्ही बोलायलाच हवं

इंदूर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि मी आवाज चढवला की आईला वाटतं काहीतरी बिनसलंय. म्हणून पत्र लिहायला बसले. इकडे सगळं ठीक आहे, घराला दोन दिवसाआड झाडू लागतो, तुळशीला पाणी मिळतं. दादाकडे तुमचं मन रमलंय हे वहिनीने कळवलं, बरं वाटलं.

बाबा, परवा मी म्हटलं की माझ्या मुलांना तुमची मुलाखत द्या, तर तुम्ही म्हणालात, "मी काही मिलमध्ये नव्हतो. ज्यांचं गेलं त्यांना विचारा." आणि फोन आईच्या हातात दिलात. त्यावर मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं. ते आज सविस्तर लिहिते. वाचून मग काय ते ठरवा.

यंदा माझ्या वर्गातली मुलं आपल्या इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलच्या वस्तीवर नाटक बसवत आहेत. त्याची संहिता कुणी घरी बसून लिहिलेली नाही. मुलं परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर भागात घरोघर जातात, परवानगी घेतात, माणसाचं बोलणं रेकॉर्ड करतात आणि शब्दन्‌शब्द उतरवून काढतात. रंगमंचावर जे वाक्य येईल ते कुणीतरी खरोखर बोललेलं असलं पाहिजे. आपल्याकडून एक शब्दही घालायचा नाही. सानंद संस्थेची मराठी नाटकं तुम्ही दोघांनी इतकी वर्षं पाहिलीत, त्यांत लेखकाच्या भाषेची मजा असते आणि ती मलाही प्रिय आहे. या नाटकात मात्र लेखक नाही. ऐकणारे आहेत आणि निवडणारे आहेत.

मिलची हकिकत तुम्हाला मी काय सांगणार! पण वर्गातली बहुतेक मुलं मिल बंद पडल्यावर दहा-पंधरा वर्षांनी जन्मली. त्यांना ठाऊक होती ती फक्त अनंत चतुर्दशीची झांकी, मिरवणुकीतला तो रोषणाईचा देखावा. मिल बंद, पगार बंद, तरी कामगार वर्गणी काढून रात्र उजळवणाऱ्या झांक्या काढत राहिले, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कामगारांच्या थकलेल्या देण्यांबद्दल हायकोर्टाचा 2007 चा आदेश, 229 कोटींचा आकडा, मग पुन्हा वर्षानुवर्षांची वाट, आणि शेवटी 25 डिसेंबर 2023 ला साधारण 224 कोटींचा धनादेश. मधल्या काळात कितीतरी कामगार गेले आणि पैसे त्यांच्या बायकामुलांच्या हाती आले. हे सगळं मुलांनी आधी जुन्या वर्तमानपत्रांतून टिपून काढलं. मी त्यांना सांगते, कागद वाचल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. समोरच्याने आयुष्य काढलंय आणि आपण त्याला विचारायचं की मिल कुठे होती, हा त्याचा अपमान आहे.

आता तुमचा पहिला आक्षेप घेते, कारण तो मला आत्ताच ऐकू येतोय. "माणसं चुकीचं बोलतात, त्यांची भाषा सुधारायला नको का?" सगळा जन्म तुम्ही हिंदी शिकवलंत. परदेशीपुऱ्यातल्या मुलांच्या वह्यांवर तुमच्या लाल शाईच्या खुणा अजून कुणाकुणाच्या घरी असतील. वहीत ती खूण हवीच. इथे मात्र आम्ही काहीही सुधारत नाही. माणूस "मतलब" म्हणून थांबला तर ते "मतलब" आणि तो थांबा, दोन्ही संहितेत येतात. अर्धं हिंदी, अर्धं माळवी, मध्येच आपली इंदुरी मराठी, हे जसंच्या तसं. पहिल्याच आठवड्यात मुलांनी घरच्या एखाद्या वडीलधाऱ्याचं दोन मिनिटांचं बोलणं श्वासासकट पाठ करून वर्गात सादर केलं. सुरुवातीला हशा होतो. नकला चालल्यात असं वाटतं. मग तेच बोलणं कानाला हेडफोन लावून, रेकॉर्डिंग ऐकत ऐकत बोलायला लावते. लंडनच्या नाटककार ॲलेकी ब्लाइथ यांचे नट प्रयोगातसुद्धा असेच बोलत. असं केलं की नक्कल गळून पडते. घाईने पुढे जाता येत नाही, बोलणारा थांबला की थांबावंच लागतं. आणि तो नेमका कुठे थांबला हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं.

एक उदाहरण देते, नाव अर्थातच सांगत नाही. एका कामगाराच्या पत्नीची मुलाखत दोन मुलींनी आणली. उतरवलेल्या कागदात त्यांनी मधला एक तुकडा गाळला होता, कारण त्यात कुकरची शिट्टी होते, बाई उठून गॅस बंद करतात, नातवाला ओरडतात आणि परत येऊन बसतात. मुलींना वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे. मी मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. शिट्टीच्या आधी त्या बाई एखाद्या सभेत बोलाव्यात तशा बोलत होत्या. कामगारांचा विजय, न्यायालयाचे आभार. परत येऊन बसल्यावर त्यांचा आवाजच निराळा. "पइसा आया, अच्छा हुआ. पर जिनको गिन के देना था वो तो फोटू में बैठे हैं." कुकरमुळे त्यांचं भाषण तुटलं आणि त्या स्वतःचं बोलू लागल्या. शिट्टी गाळली असती तर हे दुसरं वाक्य पहिल्याला लागून आलं असतं आणि तेही भाषणासारखंच ऐकू आलं असतं. आता नाटकात शिट्टी आहे, नातवाला ओरडणंही आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. मिलचे कामगार ठामपणे सांगतात की 12 डिसेंबर 1991 ला मिल बंद झाली. सरकारी पत्रकात वर्ष येतं 1992. मुलांमध्ये वाद झाला की खरं काय ते एकदा ठरवू आणि तेच ठेवू. मी म्हटलं, दोन्ही ठेवा. एकजण कामगाराचं वाक्य बोलेल, दुसरा पत्रक वाचेल, प्रेक्षकांना ऐकू द्या. ज्याचा पगार थांबला त्याला दिवस पक्का आठवतो. कागदाचं वर्ष कागदाच्या हिशोबाने पडतं. दोघांपैकी एकाला खोटं ठरवण्याचं काम नाटकाने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्रकार मी शोधलेला नाही. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं गाव आहे, चिनी मातीच्या भांड्यांसाठी आणि कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं. तिथे पीटर चीजमन नावाचे दिग्दर्शक आपल्याच गावाच्या इतिहासावर नाटकं करत. त्यांचा नियम कडक होता. मूळ कागदपत्रं आणि माणसांचे स्वतःचे शब्द सोडून काहीही वापरायचं नाही. 1974 मध्ये तिथला पोलादाचा कारखाना बंद पडायला आला तेव्हा त्यांनी कामगारांची बोलणी ध्वनिफितीवर घेऊन नाटक उभं केलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मैडम, ये तो अपना ही किस्सा है." अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावात 1998 मध्ये मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याला, तो समलिंगी म्हणून, निर्घृणपणे मारलं. मॉइझेस काउफमन आणि त्यांची मंडळी काही आठवड्यांतच तिथे पोचली आणि पुढे दीड वर्ष जात राहिली. दोनशेच्या वर मुलाखती घेतल्या. त्यांचं नाटक 2000 मध्ये आलं. बाबा, तुमच्या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे. त्या मुलाखतींत फक्त त्याचे मित्र नव्हते. डॉक्टर होते, पोलीस होते, बारमध्ये काम करणारा होता. गावात एखादी गोष्ट घडते तेव्हा ती पाहणारेही असतात, आणि त्यांनी पाहिलेलं कुणी विचारलं नाही की तेवढा भाग कायमचा जातो.

मला खरी काळजी वाटते ती निवडीची. एका तासाचं बोलणं उतरवायला मुलांना पाच-सहा तास सहज लागतात, आणि त्यातून नाटकात येतात तीन-चार मिनिटं. बाकी सगळं सुटतं. एकही शब्द न बदलता नुसता क्रम बदलून माणसाच्या तोंडी भलतंच घालता येतं. टीव्हीवर रोज तेच चाललेलं असतं. म्हणून आमच्याकडे काही गोष्टी पक्क्या आहेत. दोन माणसांचं बोलणं जोडून एक पात्र करायचं नाही. उत्तर ठेवलं तर त्यामागचा प्रश्नही ठेवायचा. नाव, पत्ता, ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही. आणि प्रयोगाआधी ज्याचं बोलणं त्याला वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर काढायचं, कारण विचारायचं नाही. एका आजोबांनी आमचा सगळ्यात चांगला भाग असा काढायला लावला. मुलांचे चेहरे पडले. पण तो त्यांचा शब्द होता. आम्ही तो वापरायला मागितला होता आणि त्यांनी नाही म्हटलं, इतकं ते सरळ आहे. त्या दिवशी मुलांना जे कळलं ते एखाद्या पुस्तकातून मला शिकवता आलं नसतं.

आई, तू विचारलं होतंस की एकोणीस वर्षांची पोर म्हाताऱ्या कामगाराचं काम कसं करणार. मिशा लावत नाही, पाठीत वाकत नाही. ॲना डेव्हिअर स्मिथ म्हणून एक अमेरिकन नटी आहे. न्यूयॉर्कच्या क्राउन हाइट्स भागात 1991 मध्ये काळ्या आणि ज्यू रहिवाशांमध्ये दंगल झाली. तिने दोन्ही बाजूंच्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि रंगमंचावर सगळ्यांची सगळी बोलणी एकटीने केली. स्वतः कृष्णवर्णीय बाई, ज्यू धर्मगुरूंचे शब्दही तिच्याच तोंडून आले. आपल्या वयाचं, आपल्या जातीधर्माचं नसलेलं माणूस आपले शब्द इतक्या काळजीने बोलतं, हे पाहणाऱ्याला काहीतरी करतं. आमच्या तालमीला मिलमध्ये मागावर काम केलेले एक निवृत्त साचेवाले येऊन बसले होते. त्यांचे शब्द एका मुलीच्या तोंडून ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले की भोंग्याच्या आधी मी जरा जास्त वेळ थांबलो होतो. तिने पुढच्या खेपेला तेवढी वाट पाहिली.

आता बाबा, तुमच्याकडे येते. ज्या वर्षी मिल बंद पडली त्या वर्षी तुमच्या वर्गात कुणाची मुलं बसत होती? हजेरीपट रोज कुणाच्या हातात होता? कामगार मिलच्या फाटकाशी काय झालं ते सांगतात, घरच्या बायका चुलीशी काय झालं ते सांगतात. शाळेत काय झालं ते सांगणारं आतापर्यंत आम्हाला कुणी भेटलेलं नाही. मला त्या दिवसांतलं काही काही आठवतं, मी तेव्हा लहान असले तरी. पण ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही माझंच आठवून सांगाल, आणि मुलांना तुमचं हवं आहे. त्यांनाही मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही शिक्षक होतात आणि शाळा त्या भागात होती, इतकंच त्यांना ठाऊक आहे.

ती तुम्हाला "कसं वाटलं" असं विचारणार नाहीत. ते मी वर्गात बंद केलंय. त्या प्रश्नाला माणूस वर्तमानपत्रात वाचलेलं उत्तर देतो. मुलं विचारतील की सकाळी शाळेत पोचायला तुम्ही कुठल्या रस्त्याने जात होतात, भोंगा वर्गात ऐकू येत होता का, तो थांबल्यावर तास कधी संपला हे कसं कळायचं, मधल्या सुट्टीत डबे कोण उघडायचं. तुम्हाला आठवेल तेवढं सांगा. नाही आठवलं तर तसं म्हणा, तेही उतरवून घेतात. आणि मराठीत बोला, हिंदीत बोला, दोन्ही मिसळून बोला. तुमचं हिंदी शुद्धच असेल, त्याची भीती बाळगू नका.

तुम्ही काय म्हणाल तेही आईला माहीत आहे आणि मलाही. "शाळेतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात." मुलांची नावं सांगू नका, शाळेचं नाव नाटकात येणार नाही, तुमचंही नाही. रेकॉर्डिंग मध्येच बंद करा म्हणालात तर बंद होईल. उतरवलेला कागद मोठ्या अक्षरांत छापून तुमच्याकडे येईल. तेव्हा लाल पेन हातात घ्या. एकच विनंती, व्याकरण तपासू नका. जे जगासमोर जायला नको असं वाटेल त्यावर रेघ मारा, ते गेलं असं समजा.

आई, तू शेजारी बस. मुलांनीच हे मागितलंय. बाबा एखादं साल सांगतील आणि तू म्हणशील, "छे, तेव्हा आपण जुन्या घरात होतो," हे आम्हाला फार हवं आहे. दोघं एकदम बोललात तरी चालेल, नाटकातही दोघं एकदमच बोलतील. तुझ्याकडे त्या वर्षाचं तुझं असं वेगळं काही आहे हे मी ओळखून आहे. शिक्षकाच्या घरी संध्याकाळी कोण कोण येऊन बसायचं ते स्वयंपाकघरातून तूच पाहिलंस. बाबांच्या आधी तूच सुरू केलंस तरी हरकत नाही.

संक्रांतीनंतर तुम्ही परत आलात की दोघंच जणं घरी येतील, एक मुलगा आणि एक मुलगी. मी त्या वेळी घरात थांबणार नाही. मी समोर असले की बाबा माझ्याकडे बघून बोलतात. मुलगी बाबांच्या उजव्या कानाच्या बाजूला बसेल, तिला सांगून ठेवलंय. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवावा लागेल, आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. पोहे केलेस तर बोलणं झाल्यावर दे, आधी दिलेस तर ती पोरं खातच बसतील. दुपारची झोप मोडायची नाही, साडेचारच्या पुढे कधीही चालेल. एका बैठकीत थकायला झालं तर पुन्हा येतील.

बाबांचा होकार असो वा नकार, तो मला त्यांच्या हातचा हवा आहे, आईने फोनवर सांगितलेला नको. पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे. नकार आला तर मी पुन्हा विषय काढणार नाही, मुलांनाही तसंच सांगेन.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला आणायला सांगा, अंगावर काढू नका.

तुमची,
मंजू