कॅटाकोम्ब पाहायचे तर वाटाड्यासोबतच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत युरोपातल्या जमिनीखालच्या ‘अंगावर काटा आणणाऱ्या’ जागांवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, पण रोमच्या कॅटाकोम्बना, म्हणजे प्राचीन काळी जमिनीखाली खोदलेल्या दफनभूमींना, त्यात ज्या पंगतीला बसवलं आहे, ती पंगत त्यांची नाही. शिवाय सोबत छापलेलं छायाचित्र, म्हणजे हाडांची झुंबरं आणि कवट्यांच्या कमानी, कॅटाकोम्बचं नाहीच. ते रोमच्या मध्यवस्तीत, व्हिया व्हेनेतो या रस्त्यावरच्या, कापुचिन या संन्यासी पंथाच्या चर्चखालच्या तळघराचं आहे. तिथं सुमारे ३,७०० संन्याशांच्या अस्थी भिंतींवर आणि छतावर नक्षीसारख्या मांडल्या आहेत. ते काम सतराव्या शतकानंतरचं. कॅटाकोम्ब त्याच्या चौदा-पंधराशे वर्षं आधीचे, आणि तेही शहराबाहेरचे. लेखात पुढं पॅरिसच्या कॅटाकोम्बचा उल्लेख त्याच ओघात आला आहे. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस भरून वाहणारी कब्रस्तानं रिकामी करून तिथली हाडं जुन्या दगडखाणींत हलवली गेली. तो नगरपालिकेच्या अडचणीतून निघालेला मार्ग होता. रोम आणि पॅरिसमधल्या जागांचं नाव सारखं असलं तरी या तिन्ही जागांचं एकमेकींशी नातं नाही.

मी वसईची. आमच्याकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या ख्रिस्ती दिवशी, कबरी धुऊन, फुलं घालून, मेणबत्त्या लावून अख्खं गाव दफनभूमीत उभं राहतं, आणि त्यात कुणाला भीतीबिती वाटत नाही. त्यामुळे रोमच्या त्या भुयारांत उतरताना मला भय वाटलं नाही. आश्चर्य मात्र वाटलं, ते खोदणाऱ्यांचं.

रोमच्या कायद्यानं शहराच्या आत दफनाला बंदी होती. म्हणून आपिया, सालारिया अशा शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेनं थडगी बांधली जात. दुसऱ्या शतकाच्या सुमारास दहनाची पद्धत मागं पडून दफन वाढू लागलं, तशी जागा अपुरी पडली. ख्रिस्ती आणि यहुदी लोक तर दफनच करत. जमीन महाग, माणसं गरीब, मग खाली जायचं. तिथला तुफा हा ज्वालामुखीच्या राखेचा खडक या कामाला फार सोयीचा. खोदताना मऊ आणि हवा लागल्यावर कठीण. ‘फोसोर’ नावाचे खोदकरी पणतीच्या उजेडात अरुंद बोळ खोदत जात, आणि दोन्ही भिंतींत एकावर एक कप्पे करत. एका कप्प्यात कफनात गुंडाळलेला देह ठेवायचा आणि तोंड संगमरवरी फरशीनं किंवा विटा-चुन्यानं बंद करायचं. जागा संपली की बोळाची जमीनच आणखी खोल खणायची. म्हणून काही ठिकाणी वरचे कप्पे जुने आणि खालचे नवे असतात. आपिया रस्त्यावरच्या सान कालिस्तो या कॅटाकोम्बचे बोळ चार मजल्यांवर मिळून सुमारे २० किलोमीटर भरतात. तिथं पाच लाखांच्या आसपास माणसं पुरली गेली असावीत, असा अंदाज सांगतात.

लेखातली सगळ्यात मोठी गल्लत म्हणजे ‘छळापासून वाचण्यासाठी ख्रिस्ती लोक इथं लपून राहत’ हे वाक्य. जुन्या चित्रपटांनी ते आपल्या मनात घट्ट बसवलं आहे. अभ्यासक आता ते मानत नाहीत. या दफनभूमी सरकारला ठाऊक होत्या. सन २५७ मध्ये सम्राट व्हलेरियननं ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जायलाच मनाई केली, म्हणजे त्या कुठं आहेत हे त्याला माहीत असणारच. पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट २५८ रोजी, पोप सिक्स्तुस दुसरे दफनभूमीत भक्तांसोबत असताना शिपाई तिथं पोचले आणि त्यांना तिथंच ठार केलं. लपायची जागा असती तर इतक्या सहज सापडली नसती. शिवाय ज्यानं एकदा तो ओलसर, कोंदट बोळ पाहिला आहे, तो तिथं कुटुंबासह महिनोन्‌महिने राहण्याची कल्पना करणार नाही.

आणि हाडं? सहलीच्या वाटेवर ती जवळजवळ दिसतच नाहीत. पाचव्या शतकात इथली दफनं थांबली, त्यानंतर भाविक हुतात्म्यांच्या कबरींना भेट द्यायला येत राहिले. सातव्या शतकात तर अशा यात्रेकरूंसाठी कोणत्या रस्त्यावर कोणाची कबर आहे, याच्या याद्या लिहिल्या गेल्या. म्हणजे वाटाड्याची परंपरा आपल्या सहल कंपन्यांपेक्षा बरीच जुनी आहे! पुढं लोंबार्ड टोळ्यांनी लूटमार केली, तेव्हा पोपनी संतांचे अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवले. सन ८२१ मध्ये सेसिलिया या हुतात्मा संत स्त्रीचा देहही असाच नेला गेला. मग या जागा लोक जवळजवळ विसरूनच गेले, ते १५७८ मध्ये सालारिया रस्त्याजवळ एक भुयार अचानक उघडं पडेपर्यंत. सान कालिस्तोमधलं पोपांचं दालन तर १८५४ मध्ये पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांना सापडलं. तिसऱ्या शतकातल्या पोपांची नावं तिथल्या फरश्यांवर ग्रीक लिपीत कोरलेली आहेत, लॅटिनमध्ये नाहीत. त्या काळी रोमच्या चर्चचा व्यवहार ग्रीकमध्ये चाले, हे मला तिथंच समजलं.

त्या दालनाला लागूनच सेसिलियाची जागा आहे. रिकाम्या कोनाड्यात स्तेफानो मादेर्नोनं १६०० च्या सुमारास घडवलेल्या मूर्तीची प्रतिकृती ठेवली आहे. मूळ मूर्ती त्रास्तेव्हेरे भागातल्या चर्चमध्ये आहे. कुशीवर पडलेली मुलगी, डोक्यावरून ओढलेलं वस्त्र, चेहरा पलीकडे, मानेवर तलवारीचे वण. आमच्या मार्गदर्शक धर्मगुरूंनी विजेरीचा झोत तिच्या हातांवर नेला. एका हाताची तीन बोटं उघडी, दुसऱ्या हाताचं एक. परमेश्वर एक आणि व्यक्ती तीन, ही तिची मूक साक्ष, असं त्यांनी सांगितलं. एकटी असते तर मी मूर्ती बघून पुढं गेले असते. बोटं मोजली नसती.

त्याहून जास्त वेळ मी थांबले ते साध्या बोळात. भिंतीतले कितीतरी कप्पे हातभर लांबीचे आहेत. तान्ह्या मुलांचे. त्यांची संख्या पाहिल्यावर त्या काळची बालमृत्यूची कहाणी कुठल्या पुस्तकात वाचावी लागत नाही. लेखातल्या ‘थरार’ या शब्दाला माझी हरकत आहे ती याच जागेसाठी.

आता मुख्य मुद्दा. लेखकानं तक्रार केली आहे की इथं स्वतः हिंडू देत नाहीत, गटासोबतच जावं लागतं, फोटो काढू देत नाहीत, अर्ध्या-पाऊण तासात बाहेर आणतात. त्यांना हा जाच वाटला. माझ्या मते हे नियम आहेत म्हणून ती जागा शिल्लक आहे. पहिलं कारण सरळ आहे. वाट चुकते. ज्या आंतोनिओ बोसिओनं या भुयारांचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला, तो स्वतः १५९३ मध्ये रोमच्याच दोमितिल्ला या कॅटाकोम्बच्या बोळांत हरवला होता. दुसरं कारण माणसाचा स्वभाव. याच दोमितिल्लामध्ये काही वर्षांपूर्वी लेझरच्या साहाय्यानं भित्तिचित्रांवरची काजळी आणि क्षारांचे थर काढले गेले आणि २०१७ मध्ये ती खुली केली. थरांखालून ख्रिस्ताची चित्रं निघाली, आणि काळ्या अक्षरांत बोसिओची सहीसुद्धा! शोधणाऱ्या विद्वानाला जिथं मोह आवरला नाही, तिथं बाकीच्यांना कोळसा आणि मोकळीक देऊन कसं चालेल? आपल्याला हे नवं नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं एप्रिल १८१९ मध्ये चित्रावरच आपलं नाव खरडलं, ते आजही आहे. आणि गडकोटांच्या भिंतींवरचे बदाम-बाण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

अजिंठ्याचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं तिथली चित्रं वाचवण्यासाठी लोरेन्झो चेक्कोनी हे इटालियन जाणकार बोलावले होते. त्यांनी चित्रांवर लावलेला लाखेचा थर पुढं पिवळा पडला आणि तो काढणं हे आपल्या पुरातत्त्व खात्याचं कित्येक वर्षांचं काम होऊन बसलं. भिंतीवरचं चित्र जपणं इतकं अवघड आहे, चांगल्या हेतूनंसुद्धा ते बिघडतं.

तिसरं कारण श्वास. बंद जागेत माणसांच्या गर्दीनं उष्णता, दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, दिव्यांच्या उजेडात भिंतींवर शेवाळ धरतं. माल्टामधलं हाल साफ्लिएनी हे पाच हजार वर्षांपूर्वीचं भूमिगत दफनस्थान याच काळजीनं तासाला फक्त दहा आणि दिवसाला ऐंशी माणसांना दाखवतात. सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या खालची प्राचीन दफनभूमीही लहान गटांना, आधी अर्ज करूनच पाहता येते. रोममध्ये साठाहून अधिक कॅटाकोम्ब आहेत. त्यांतले नियमितपणे खुले असतात ते पाच-सहाच. बाकीचे बंद आहेत म्हणून कुणाचं काही अडत नाही.

मला तक्रार करायची आहे ती आपल्याकडच्या सहल आयोजकांची. आमच्या यात्रेच्या पत्रकात ‘कॅटाकोम्ब दर्शन’ ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात बस फाटकाशी थांबली, दहा मिनिटं दिली आणि ‘आत फार पायऱ्या आहेत, ज्येष्ठांना झेपणार नाही, शिवाय आज आउटलेट मॉललाही जायचंय’ असं सांगण्यात आलं. आमच्यातल्या काहीजणी अडून बसल्या, पदरचे पैसे भरून तिकिटं काढली आणि आत गेल्या. मॉल बुडाला, पण त्याबद्दल कुणी हळहळलेलं मला आठवत नाही. पायऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी खरंच वर बागेत बसावं. पण हे मुंबईत पैसे घेताना सांगायचं, रोमच्या फाटकाशी नाही.

वसई, गोवा, मंगळूरहून दरवर्षी कितीतरी यात्रेकरू रोमला जातात. त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. सान कालिस्तोची व्यवस्था सालेशियन धर्मगुरूंकडे आहे, म्हणजे माटुंग्याचं डॉन बॉस्को ज्यांचं, तेच. इंग्रजीतून मार्गदर्शन मिळतं. बुधवारी बंद असतं. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत पंधरा-सोळा अंश तापमान असतं, तेव्हा शाल किंवा स्वेटर हवाच. आणि गटासोबत आपले धर्मगुरू असतील तर आधी नोंदणी करून आत मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, करता येतो. ही सोय आयोजक आपणहून सांगत नाहीत, कारण त्यात वेळ जातो. पत्रकात ‘दर्शन’ लिहिलं असेल तर ते आतून की बाहेरून, हे लेखी विचारून घ्या.

आपल्याला विनंती इतकीच, की येत्या अंकात छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी. जमल्यास पुढच्या पुरवणीत प्रिस्किल्ला किंवा यहुदी लोकांच्या विन्या रान्दानिनी या कॅटाकोम्बवर स्वतंत्र लेख द्यावा. यहुदी कॅटाकोम्बच्या भिंतींवर सात शाखांचे दीपवृक्ष रंगवलेले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिताना दिसत नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
वसई